शुक्रवार ते सोमवार : सँड्रा ब्लँड प्रकरण

१० जुलै २०१५, शुक्रवारची संध्याकाळ होत आलेली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात प्रेअरी व्ह्यू नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी ड्राइव्ह या रस्त्यावर एका गाडीच्या मागे राज्य पोलिसांची गाडी वेगाने आली. पुढच्या गाडीतली बाई तिला वाट देण्यासाठी बाजूच्या लेनमध्ये गेली. जाताना तिने इंडिकेटर दिला नाही. सोमवारी, १३ जुलैला, सकाळी नऊच्या सुमारास वॉलर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तुरुंगात ती आपल्या कोठडीत मृतावस्थेत आढळली. तिचं नाव सँड्रा ब्लँड. वय २८.

आपल्याकडे कोठडीतला मृत्यू म्हटलं की बंद खोली, पट्टा आणि कबुलीजबाबासाठी केलेली मारहाण डोळ्यांसमोर येते. या प्रकरणात तसं काही सिद्ध झालेलं नाही. हॅरिस काउंटीच्या न्यायवैद्यक अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन करून आत्महत्या असा निष्कर्ष दिला. घरच्यांना तो पटला नाही. नव्या नोकरीसाठी आनंदाने निघालेली मुलगी तीन दिवसांत जीव का देईल, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदी साहजिक होता. मी या लिखाणात अधिकृत निष्कर्ष धरूनच चालणार आहे. तो धरला तरी दोष पुसला जात नाही, हेच मला मांडायचं आहे. शुक्रवार ते सोमवार या वाटेवर तिला बाहेर पडता येईल अशी चार-पाच दारं होती आणि प्रत्येक दारापाशी कोणीतरी नियमाने किंवा नियम मोडून ते बंद केलं.

सँड्रा मूळची शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावची. शिक्षण मात्र टेक्सासमध्ये, प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठात, आणि त्याच विद्यापीठात नोकरी मिळाल्यामुळे ती परत आली होती. हे कृष्णवर्णीयांसाठी १८७६ साली निघालेलं विद्यापीठ, आणि ज्या जमिनीवर ते उभं आहे तिथे पूर्वी गुलामांच्या कष्टावर चालणारा मळा होता. तिथल्या विद्यार्थ्यांना काउंटीत मतदान करू द्यायचं की नाही हा वाद १९७९ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विद्यार्थी जिंकले. गाव, विद्यापीठ आणि काउंटीचं प्रशासन यांच्यातला हा जुना ताण सँड्राला चांगला माहीत होता. त्या वर्षीच्या सुरुवातीपासून ती फेसबुकवर 'सँडी स्पीक्स' नावाने छोट्या चित्रफिती टाकत होती. पाहणाऱ्यांना 'माझ्या राजांनो, राण्यांनो' असं हाकारून ती पोलिसांविषयी, वर्णभेदाविषयी आणि स्वतःच्या नैराश्याविषयीही मोकळेपणाने बोलायची. हे शेवटचं लक्षात ठेवायला हवं. पुढे तुरुंगातल्या एका फॉर्मवर ते पुन्हा येणार आहे.

रस्त्यावर काय घडलं ते पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलं. सुमारे ५२ मिनिटांची ती चित्रफीत काही दिवसांनी खात्याने जाहीर केली. मी ती अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी थांबतो. ट्रूपर, म्हणजे राज्य पोलिसांतला शिपाई, ब्रायन एन्सिनिया कागद तयार करून तिच्या खिडकीशी परत येतो. ती चिडलेली दिसतेय, असं तो म्हणतो. ती सांगते की हो, चिडलेय. तुम्ही मागून वेगाने आलात म्हणून मी बाजूला झाले आणि त्याबद्दल मलाच पकडलंत. तो विचारतो, "झालं बोलून?" ती म्हणते, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. इथवर सगळं ठीक आहे. चिडलेला माणूस आणि त्याचं ऐकून घेणारा पोलीस, एवढंच. हातातला कागद देऊन तो निघून गेला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

पण तो म्हणतो, "ती सिगारेट विझवाल का, प्लीज?" ती म्हणते, "मी माझ्या गाडीत आहे. मी सिगारेट का विझवू?" आणि लगेच तो म्हणतो, "मग खाली उतर."

इंग्रजीत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द. पण हा संवाद मराठीत उतरवायला बसलं की या वाक्याशी आधीचं 'तुम्ही' आपोआप 'तू' होतं. ती उतरायला नकार देते. तो दार उघडून तिला बाहेर ओढू लागतो, मग विजेचा झटका देणारी टेझर तिच्यावर रोखून ओरडतो की पेटवून देईन तुला. ती उतरते. त्यानंतरचा बराचसा प्रकार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर घडतो, फक्त आवाज येत राहतात. ती पुन्हा पुन्हा विचारते की मला अटक कशासाठी. जमिनीवर पाडलेल्या अवस्थेत ती सांगते की मला फिट्सचा आजार आहे. उत्तर येतं, "बरं झालं."

त्याच झटापटीत तो तिला सांगतो की मी तर तुला फक्त वॉर्निंग देणार होतो, आता तू तुरुंगात जाणार. म्हणजे त्याच्या हातातला कागद दंडाची पावतीसुद्धा नव्हती. नुसती लेखी समज होती. त्या समजेवर लोकसेवकावर हल्ल्याचा गुन्हा चढला, कारण झटापटीत तिने लाथ मारली असं त्याने नोंदवलं.

अमेरिकेत शिकायला निघालेल्या आपल्या मुलांना तिथली आधीची मंडळी पहिल्याच आठवड्यात सांगतात : पोलिसाने थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, खाली उतरू नकोस, वाद घालू नकोस, जे सांगेल ते कर. सल्ला व्यवहाराचा आहे, मीही तोच देईन. पण त्याचा अर्थ काय होतो ते सँड्राच्या प्रकरणात दिसतं. तिने विचारलेला प्रश्न कायद्याला धरून होता. स्वतःच्या गाडीत सिगारेट ओढणं गुन्हा नव्हता. तरी ट्रूपरचा 'खाली उतर' हा हुकूमही कायद्याच्या आधाराशिवाय नव्हता. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या निकालापासून पोलिसाला वाहतुकीच्या कारणावरून थांबवलेल्या चालकाला गाडीबाहेर बोलावण्याची मुभा आहे. ती पोलिसाच्या सुरक्षिततेसाठी दिलेली होती. इथे ती सिगारेटसाठी वापरली गेली. शिवाय सँड्राला अडवलं त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, एप्रिल २०१५ मध्ये, रॉड्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की वाहतुकीसाठी थांबवलेल्या माणसाला त्या कामापुरताच वेळ अडकवून ठेवता येतो, त्याहून जास्त नाही. निकाल कागदावर ताजा होता. रस्त्यावर तो कोणी वाचून दाखवत नाही.

आणखी एक निकाल इथे सांगायलाच हवा, आणि तोही टेक्साससंबंधीच आहे. लागो व्हिस्टा नावाच्या गावात १९९७ साली एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल, गाडीत तिची दोन लहान मुलं असताना, बेड्या घालून नेलं. त्या अपराधाला कायद्यात कैद नव्हतीच, जास्तीत जास्त ५० डॉलर दंड. ती न्यायालयात गेली आणि २००१ साली पाच विरुद्ध चार मतांनी हरली. ज्या अपराधाची शिक्षा फक्त दंड आहे त्यासाठीही पोलीस अटक करू शकतात, असं ठरलं. म्हणजे दोषी ठरल्यावर जो तुरुंग मिळू शकत नाही तो खटल्याआधी मिळू शकतो. अमेरिकी न्यायव्यवस्थेचा कठोरपणा म्हटलं की आपण फाशी, जन्मठेप, शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा यांची चर्चा करतो. माझ्या मते तिचा खरा कठोरपणा इथे खाली, शिक्षेच्या कितीतरी आधी आहे.

जामिनाचं दार त्यानंतर आलं. शनिवारी जामीन ठरला : ५,००० डॉलर. आपल्याकडे जामीनदार म्हणजे ओळखीचा माणूस, सातबारा किंवा पगाराची स्लिप घेऊन कोर्टात उभा राहणारा. टेक्साससारख्या राज्यांत जामीन हा धंदा आहे. तुरुंगाच्या आसपास बाँड देणाऱ्यांची दुकानं असतात. रकमेच्या साधारण दहा टक्के त्यांच्याकडे भरायचे, मग बाकीची हमी ते घेतात. ते दहा टक्के परत मिळत नाहीत, तुम्ही निर्दोष सुटलात तरी नाही. सँड्राला बाहेर यायला सुमारे ५०० डॉलर हवे होते. नोकरी अजून सुरू व्हायची होती, घरचे हजारएक मैलांवर इलिनॉयमध्ये, आणि शनिवार-रविवार आडवा आलेला. ती बहिणीशी बोलली, बहीण पैशाच्या मागे लागली. एका मित्राच्या फोनवर तिने निरोप ठेवला. तो नंतर सगळ्या अमेरिकेने ऐकला. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही, त्याचं हे एवढं सगळं कसं झालं, असं ती त्यात विचारते. आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त आहे.

अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांत कोणत्याही दिवशी असलेल्या माणसांपैकी साधारण दोन तृतीयांश माणसं दोषी ठरलेलीच नसतात. ती खटल्याची नाहीतर पैशाची वाट पाहत असतात. सँड्राच्या आधी पाचच आठवडे न्यूयॉर्कमध्ये केलिफ ब्राउडर या तरुणाने घरी आत्महत्या केली होती. सोळाव्या वर्षी पाठीवरची बॅग चोरल्याच्या संशयावरून धरलेला, ३,००० डॉलर जामीन घरच्यांना भरता आला नाही म्हणून तीन वर्षं रायकर्स बेटावर, त्यातली जवळपास दोन एकांत कोठडीत. शेवटी खटला न चालवताच सोडून दिलेला. दोन प्रकरणं अगदी वेगळी आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एक रक्कम आहे आणि ती एखाद्या मध्यमवर्गीय घराला एका संध्याकाळी उभी करता आली असती.

आता तुरुंगातले कागद. भरती करताना प्रत्येक कैद्याला प्रश्न विचारून फॉर्म भरतात : आजार, औषधं, नैराश्य, पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न. सँड्राच्या एका फॉर्मवर २०१४ मध्ये तसा प्रयत्न केल्याची नोंद आहे. मूल गमावल्यानंतरचा तो काळ होता. दुसऱ्या कागदावरची उत्तरं याच्याशी जुळत नाहीत. फिट्सच्या औषधाचाही उल्लेख आहे. अशा कागदाचा उपयोग एकच, तो वाचून कोणीतरी काहीतरी करावं. टेक्सासच्या नियमाप्रमाणे साध्या कैद्याकडे दर ६० मिनिटांनी समोर जाऊन पाहायचं आणि आत्महत्येचा धोका किंवा मानसिक आजार असलेल्याकडे दर ३० मिनिटांनी. सँड्राला या दुसऱ्या वर्गात घातलंच नाही. हल्ल्याचा आरोप असल्यामुळे तिला एकटीला मात्र ठेवलं. धोकादायक कैदी म्हणून एकटी, आणि धोक्यात असलेली कैदी म्हणून कोणाचं लक्ष नाही. कोठडीत नको ती वस्तूही राहू दिलेली होती.

तेवढ्यावरच थांबलं नाही. मृत्यूनंतर राज्याच्या तुरुंग मानक आयोगाने तपासणी केली तेव्हा दिसलं की दर तासाची फेरीही नीट होत नव्हती आणि मानसिक आरोग्याचं जे प्रशिक्षण दरवर्षी द्यायचं ते दिल्याची नोंद दाखवता येत नव्हती. याच तुरुंगात २०१२ साली एका कैद्याने आत्महत्या केली होती आणि तेव्हाही आयोगाने ताशेरे ओढले होते. त्यानंतर अडीच-पावणेतीन वर्षं मिळाली होती. पुढे दिवाणी दाव्यात एका रक्षकाने शपथेवर कबूल केलं की फेरीची नोंद खोटी लिहिली होती, असं कुटुंबाच्या वकिलांनी सांगितलं. एका ओळीत वेळ आणि सही. एवढ्याशा ओळीसाठी त्या रक्षकाला काही पावलं चालत जायचं होतं, दरवाजाच्या काचेतून आत पाहायचं होतं.

सोमवारी सकाळी आठच्या थोडं आधी तिने इंटरकॉमवरून फोन कसा लावायचा हे विचारलं, असं काउंटीचं म्हणणं आहे. तासाभराने ती मृत सापडली. त्या शेवटच्या तासात तिला कोणाशी बोलायचं होतं कोण जाणे. मला या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट सर्वांत जड जाते.

मग जबाबदारीचा हिशेब. डिसेंबर २०१५ मध्ये ग्रँड ज्युरीने मृत्यूबद्दल तुरुंगातल्या कोणावरही आरोप ठेवायला नकार दिला. ग्रँड ज्युरी म्हणजे बंद दारामागे पुरावा ऐकून खटला भरायचा की नाही हे ठरवणारे सामान्य नागरिक. जानेवारी २०१६ मध्ये त्याच ग्रँड ज्युरीने एन्सिनियावर खोट्या शपथेचा आरोप ठेवला. वाहतुकीची चौकशी सुरक्षितपणे करता यावी म्हणून तिला गाडीबाहेर काढलं, असं त्याने लिहून दिलं होतं आणि ते त्यांना पटलं नाही. गुन्हा किरकोळ वर्गातला, जास्तीत जास्त वर्षभराची कैद. त्याला नोकरीवरून काढलं. जून २०१७ मध्ये तो आरोपही मागे घेतला गेला. बदल्यात त्याने पोलीस म्हणून काम करण्याचा परवाना सोडला आणि पुन्हा या क्षेत्रात येणार नाही असं कबूल केलं. एकही दिवस कोणी आत गेलं नाही. दिवाणी दावा सप्टेंबर २०१६ मध्ये १९ लाख डॉलरवर मिटला. त्यातले १८ लाख काउंटीचे आणि एक लाख राज्य पोलिसांचे. सँड्राच्या आईने, जिनिव्हा रीड-व्हील यांनी, तडजोडीत पैशाबरोबर तुरुंगातले बदलही मागून घेतले : फेऱ्यांची नोंद माणसाच्या सहीवर न सोडता इलेक्ट्रॉनिक सेन्सरने व्हावी आणि प्रत्येक पाळीला परिचारिका किंवा तातडीचे उपचार करू शकणारी व्यक्ती हजर असावी.

त्यानंतर कायदा आला. आमदार गार्नेट कोलमन यांनी मांडलेला सँड्रा ब्लँड कायदा जून २०१७ मध्ये राज्यपाल ग्रेग अॅबट यांच्या सहीने मंजूर झाला. तुरुंगातल्या मृत्यूचा तपास त्याच तुरुंगाच्या शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे, न राहता बाहेरच्या यंत्रणेकडे जावा, पोलिसांना भांडण न वाढवता हाताळायचं प्रशिक्षण मिळावं, मानसिक आजार असलेल्यांना तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवावं, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. मी त्यांना कमी लेखत नाही. फेरीची खोटी नोंद करणं आता पूर्वीइतकं सोपं नाही आणि त्यामुळे कोणाचा तरी जीव वाचला असेल.

पण मूळ मसुद्यात आणखी एक कलम होतं : फक्त दंडाची शिक्षा असलेल्या अपराधांसाठी अटक करायची नाही. किरकोळ कारणावर गाडी अडवून भलतीच चौकशी करण्यावरही मर्यादा होत्या. पोलीस संघटनांनी विरोध केला आणि हे सगळं गळलं. म्हणजे सोमवारची दुरुस्ती झाली आणि शुक्रवार तसाच राहिला. रस्त्यावर जे घडलं त्याला तिच्या नावाच्या कायद्याने हात लावला नाही. सँड्राच्या बहिणी उघडपणे निराश झाल्या आणि त्यांचं काय चुकलं? २०१९ साली अटकेचं कलम वेगळ्या विधेयकातून पुन्हा आणायचा प्रयत्न झाला, तोही बारगळला.

हे एका काउंटीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी होती. २००० पासून वर्षानुवर्षं अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आत्महत्या हेच राहिलं. सरकारी आकडेवारीत २०१४ साली दर लाख कैद्यांमागे ५० आत्महत्या आहेत, आणि २०१९ साली या तुरुंगांत एकूण १,२०० माणसं मेली. अनेक मृत्यू आत आल्यापासून पहिल्या काही दिवसांतले असतात. त्या दिवसांत माणसाला अजून आपलं काय होणार हेच कळलेलं नसतं, नोकरी जाईल की राहील, घरी काय सांगायचं, हेच डोक्यात चाललेलं असतं. निदान हे मृत्यू मोजावेत म्हणून तिथे कोठडीतल्या मृत्यूंच्या नोंदीचा कायदा २००० मध्ये आणि पुन्हा सुधारून २०१४ च्या अखेरीस झाला. तरीही सिनेटच्या एका उपसमितीने २०२२ मध्ये दाखवून दिलं की एकट्या २०२१ या आर्थिक वर्षात न्याय खात्याच्या मोजणीतून किमान ९९० मृत्यू सुटले होते. जिथे शास्त्रज्ञ धुळीचे कणसुद्धा मोजतात त्या देशात माणसं मोजायची राहून गेली.

प्रेअरी व्ह्यूच्या नगर परिषदेने २०१५ मध्येच युनिव्हर्सिटी ड्राइव्हला सँड्रा ब्लँड पार्कवे हे नाव द्यायचं ठरवलं.

मे २०१९ मध्ये आणखी एक चित्रफीत बाहेर आली, ३९ सेकंदांची. ती सँड्राने स्वतः आपल्या फोनवर घेतलेली होती. आम्हाला ही कधी दाखवलीच नाही असं घरचे म्हणाले, आम्ही दिली होती असं खातं म्हणालं. मला माझ्या जिवाची भीती वाटत होती असं एन्सिनियाने तपासात सांगितलं होतं. या चित्रफितीत तो उघड्या दारात वाकून, टेझर रोखून उभा दिसतो आणि ती सीटवर बसलेली आहे, हातात फोन. ती खाली उतरते. तो फोन ठेवायला सांगतो. ती म्हणते, मी फोनवर बोलत नाहीये, मला रेकॉर्ड करायचा हक्क आहे, हा माझा फोन आहे. तो पुन्हा सांगतो, फोन ठेव. रेकॉर्डिंग तिथे बंद होतं.